तेहतीस, अधिक अकरा

शनिवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि गॅस गेला. एकदम नाही. आधी निळी ज्योत पिवळी झाली, मग दोनदा उचकी लागल्यासारखी उडाली आणि शांत. मी सिलिंडर हलवून पाहिलं, आडवं करून पाहिलं. (तुम्हीही करता, मला माहीत आहे.) दुसरं सिलिंडर कोपऱ्यात होतं, पण तेही रिकामं. त्याचा नंबर लावायचं काम ह्यांच्याकडे होतं आणि ते "लावतो, लावतो" करत आठ दिवस तसंच पडलं होतं. आता नंबर लावला तरी गाडी येणार सोमवारी.

ही गोष्ट २०२३ च्या जुलैची. तेव्हा सिलिंडर अकराशेच्या पुढं गेलं होतं, २०० रुपयांनी उतरलं ते ऑगस्ट संपता संपता. टोमॅटोनं शंभरी ओलांडली होती. आणि तारीख होती २९ जुलै, म्हणजे अधिक श्रावणातली एकादशी.

एक कबुली आधीच देऊन टाकते. समोरच्यांकडे भरलेलं सिलिंडर होतं. मागितलं असतं तर त्यांनी लगेच दिलं असतं, आजवर दहा वेळा आमची अशी देवघेव झालीय. पण त्या दिवशी मी मागितलं नाही. ओट्यासमोर उभी राहिले आणि वाटलं, बरं झालं. दोन दिवस तरी "आज काय करायचं?" हा प्रश्न कुणी मला विचारणार नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, त्यातली बाळंतपणं आणि आजारपणं सोडली तर हा ओटा मला सुटलेला नाही.

धाकट्या जावेला हाक मारली. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. तिच्याकडे गॅस होता, पण बातमी ऐकून तिचेच डोळे चमकले. म्हणाली, "माझाही संपला असं समजा." तेवढ्यात मागच्या खोलीतून वन्सं आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "फराळ विठ्ठलाच्या देवळात आहे. साडेअकराच्या आत जायचं नाही."

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या. मुलगा चाकणला कंपनीत, त्याचं घर दोन खोल्यांचं, म्हणून दोन वर्षांपासून त्या आमच्या मागच्या खोलीत राहतात. पण त्यांची खरी ओळख अशी की, आमच्या तालुक्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जी मोठी जेवणावळ झाली, लग्न असो, मुंज असो की देवळाचा भंडारा, तिच्यातल्या निम्म्याशिम्म्या ठिकाणी पोळ्या वन्संनी लाटल्यात. दिवसाला चारशे-पाचशे. मनगटं अजून तशीच आहेत, गुडघे गेले.

त्यामुळे कुठं फुकट जेवण आहे आणि ते खाण्यासारखं आहे का, हे वन्संइतकं कुणाला कळत नाही. फराळाची खिचडी पहिल्या घमेल्यातली घ्यायची नाही, घाईत साबुदाणा मुरलेला नसतो. शेवटच्यातली तर नाहीच, ती गोळा झालेली असते. मधलं घमेलं गाठायचं. द्रोण दोन घ्यायचे, एकात एक घालून, नाहीतर दाण्याची आमटी साडीवर येते. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे आचारी स्वतः तेच जेवतोय का ते बघायचं. तो बाजूला बसून घरचा डबा खात असेल तर आपणही नमस्कार करून निघायचं.

देवळात अधिक मासानिमित्त सप्ताह बसला होता. अधिक महिना असतो तीस दिवसांचा, पण त्याचा थाट तीन वर्षांचा असतो. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं, दर वर्षी ही अकरा दिवसांची उधारी साठत जाते आणि बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक आख्खा महिना वाढवून ती फेडायची. घरखर्चाच्या वहीसारखंच आहे हे. त्यातून २०२३ ला श्रावणच अधिक आला होता, तब्बल १९ वर्षांनी. त्याआधीचा अधिक श्रावण २००४ चा. त्यामुळे देवळात गर्दी मावत नव्हती.

आम्ही तिघी रांगेत. मागे आमचे हे, हातात पिशवी. पिशवी कशाला, तर म्हणे केळी वाटत असतील तर. खिचडी मधल्या घमेल्यातली मिळाली, वरीचा भात आणि आमटीही. देवळाच्या मागच्या ओवरीत मांडी घालून बसलो. खरं सांगते, त्या खिचडीत मीठ जरा कमीच होतं, दाण्याचं कूट जाडंभरडं होतं. पण मी ती केली नव्हती! शेंगदाणे मी भाजले नव्हते, साबुदाणा रात्री आठवणीनं मी भिजवला नव्हता, आणि खाऊन झाल्यावर कढई मला घासायची नव्हती. दुसऱ्याच्या हातची खिचडी काय चवीची लागते, ते पुरुषमाणसांना नाही कळायचं. त्यांना रोजच दुसऱ्याच्या हातचं असतं.

पंगतीचा विषय निघाला म्हणून वन्संनी नांदेडची गोष्ट सांगितली. मुलगा डिप्लोमा झाल्यावर मुलाखतीला तिकडे गेला होता, या सोबत. मुक्काम कुठं करायचा माहीत नाही, जवळ पैसे बेताचे. कुणीतरी सचखंड गुरुद्वाराचं नाव सांगितलं. तिथल्या लंगरमध्ये या बसल्या. "शीख लोकही पंगतच म्हणतात त्याला," वन्सं म्हणाल्या. "सगळी एका रांगेत खाली. रोटी वाढायला आले की दोन्ही हात पुढं करायचे, हातावर देतात. मला कुणी विचारलं नाही मी कोण, माझ्या मागं कोण, पुढं कोण. गोंदवल्यालाही तसंच. बसलं की पान वाढतात."

मी हूं हूं करत ऐकलं. तेव्हा त्यातलं फारसं डोक्यात शिरलं नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुपारी जरा पडलो. संध्याकाळची मोहीम धाकटीची. बाजारपेठेत साडीच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. एकादशी म्हणून त्यांनी राजगिऱ्याचा लाडू आणि केशर घातलेलं दूध ठेवलं होतं. दूध थंडगार, लाडूही ताजा. पण लाडू खाऊन लगेच बाहेर कसं पडणार? दुकानदार हात जोडून उभा, "बघून तर जा ताई." बघितलं. धाकटीनं ऐंशी रुपयांचा ब्लाऊजपीस घेतला, ज्या रंगाचे तिच्याकडे आधीच दोन आहेत. वन्सं बाहेर आल्यावर म्हणाल्या, "मोफत लाडू ऐंशीला पडला."

रात्री इलेक्ट्रिक किटलीत चहा आणि दिवसभरात साठवलेली केळी. ह्यांची पिशवी कामाला आली, हे मान्य केलंच पाहिजे.

आणि त्याच रात्री सिनेमाचं ठरलं. 'बाईपण भारी देवा' लागून महिना होत आला होता. ३० जूनला आलेला सिनेमा, केदार शिंदेंनी केलेला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, अशी गोष्ट. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने अशा एकेक. तो जुलै तुम्हाला आठवत असेल. भिशीच्या बायका, शाळेतल्या मैत्रिणी, अख्ख्या सोसायट्या गट करून जात होत्या. नऊवारी नेसून, नथ घालून, काळे गॉगल लावून. आमच्या बहुतेक सगळ्या मैत्रिणींचा बघून झाला होता. राहिलो होतो आम्ही तिघी. सातारा आमच्यापासून एसटीनं तासाभरावर. १७ मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे ह्यांना विचारायला खर्चाचं कारण उरलं नव्हतं. पुतण्यानं मोबाइलवर रविवारच्या तीनच्या खेळाची तीन तिकिटं काढली. तिन्ही तिकिटांचे पैसे वन्संनी दिले. कनवटीची घडी उलगडून, मोजून. आम्ही नको नको म्हणत राहिलो.

अडचण एकच होती. रविवारी दुपारी आमच्या चुलत जाऊबाईंकडे धोंड्याचं जेवण होतं. लेक-जावई पुण्याहून येणार, आम्हाला घरच्या म्हणून बोलावणं. अडचण कसली, उलट सोयच! घरात गॅस नाही, बारशीचं पारणं परस्पर सुटतंय, तेही पुरणावर. साडेबाराला जेवायचं, दीडची एसटी पकडायची, अडीचला सातारा. असं आमचं रात्रीचं वेळापत्रक.

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांच्यासाठी सांगते. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण समजून बोलवायचं, जेवू घालायचं, कपडे करायचे आणि तेहतीस अनारसे किंवा बत्तासे किंवा म्हैसूरपाकाच्या वड्या, काहीतरी जाळीदार, ताम्हनात दिव्यासह वाण म्हणून द्यायचं. आमच्या भागात धोंडेच देतात, तेहतीस मोजून. धोंडे म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून, घडी घालून, चाळणीवर वाफवलेले. काहीजण दिंड म्हणतात. तळण नाही, तवा नाही, दिसायला साधं काम. पण पारी जाड झाली तर चामडं, पातळ झाली तर पुरण बाहेर. शंभरातल्या नव्वदजणींचे फुटतात. त्यामुळे जाऊबाईंनी आदल्या आठवड्यातच वन्संना सांगून ठेवलं होतं, "तुम्ही जरा लवकर या हं, हाताशी."

वन्सं सकाळी साडेसहाला गेल्या. आम्ही दोघी बाराला, नटूनथटून. सिनेमाला जायचं म्हणून मी हिरवी इरकल नेसले होते आणि धाकटीनं पर्समध्ये गॉगल टाकला होता. गेल्यागेल्या स्वयंपाकघरात डोकावले. वन्सं मोदकपात्रासमोर उभ्या. पाटीत धोंड्यांची चवड, एकही फुटलेला नाही. पुरण वाटून, कटाची आमटी उकळून, कुरडया तळून तयार. कपाळावर घाम. "व्वा," मी म्हटलं आणि परत बाहेरच्या खोलीत येऊन बसले. मला वाटतं, ते "व्वा" म्हणून बाहेर येणं, तिथंच माझं चुकलं.

जावई पुण्याहून निघाले साडेनऊला, खंबाटकीत अडकले, पोहोचले पाऊणला. मग पाय धुणं, ओवाळणं, वाण, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून परत वाण. एक वाजता पान मांडलं. जावई, लेक, आणि पाच सवाष्णी. त्या पाचांत आम्ही दोघी. तूप वाढायला वन्सं आल्या. वाकून, प्रत्येकीच्या पानात, धोंडा मधोमध फोडून त्यात तूप. मऊसूत झाले होते. जायफळाचा वास आला आणि शनिवारच्या केळ्यांची सगळी भरपाई झाली. मी तीन खाल्ले. आग्रह वन्संचाच, "घे गं, घे अजून."

जेवण उरकत आलं तशा ओट्या भरायला घेतल्या. तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकू. तबक स्वयंपाकघरातून आलं. पाच ओट्यांचे तांदूळ पसापसा मोजून, नारळाला हळदीचं बोट लावून ते कुणी तयार केलं होतं, वेगळं सांगायला नको. तबक दाराशी देऊन वन्सं परत आत गेल्या. जाऊबाईंनी एकेकीची ओटी भरली. माझीही. मी पदर पसरला.

वन्संना कुणी "तुम्ही येऊ नका" असं म्हटलं का? नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना त्यांचं बघून करायला सांगितलं. त्यावर आमच्या महिला मंडळात चर्चा झाली होती. जाऊबाई स्वतः त्या चर्चेत बोलल्या होत्या, चांगलं बोलल्या होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नाही, अजूनही म्हणेन. आमच्याकडे आता नियम कुणी सांगत नाही. काम सांगतात. "वन्सं, जरा आमटी बघता?" "वन्सं, तेवढं तुपाचं पातेलं." पंगत बसायच्या वेळी, ओटी भरायच्या वेळी काम बरोबर निघतं, आणि सगळ्यांची सुटका होते. मी कोणत्या तोंडानं बोलू? २०१९ ला माझ्या लेकीच्या डोहाळजेवणाला मीही असंच म्हटलं होतं, "वन्सं, तुमच्यावर सोडते हं स्वयंपाकघर." त्या दिवशी मला तो त्यांचा मान वाटला होता.

वीस मिनिटं उरली. बाहेर ह्यांची आणि भाऊजींची पानं मांडली गेली. धाकटीनं मला कोपरानं ढोसलं. "वन्सं जेवल्या नाहीत."

मी आत गेले. ओट्यावर पसारा, पाटीत पुरुषांच्या पंगतीचे धोंडे. वन्सं हात धूत होत्या. मी म्हटलं, "वन्सं, तुम्ही बसा आधी. सिनेमाचं राहू दे, पुढच्या रविवारी जाऊ." हे म्हणताना माझ्या मनात तिकिटांचे पैसे आले, ते त्यांनी दिले होते हेही आलं.

वन्संनी पदराला हात पुसले. फळीवरचा स्टीलचा पुडाचा डबा काढला, तो त्यांचाच, सकाळी जायफळपूड आणि वेलदोडे घेऊन आल्या होत्या त्यात. त्यांनी पाटीतले धोंडे एकेक करून डब्यात रचले. मोजून अकरा. वर दोन चमचे तूप. झाकण दाबलं. "चल," म्हणाल्या, "माझं पान मी बरोबर घेतलंय."

आम्ही मागच्या दारानं निघालो. एसटी लागलेलीच होती.

साताऱ्यात थिएटरच्या दाराशी आणखी एक पंचाईत. "बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत" अशी भलीमोठी पाटी, आणि पर्स तपासायला एक बाई. गणवेशातली, तिशीची असेल. धाकटीच्या पर्समधून चिवड्याची पुडी निघाली ती तिनं बाजूच्या टोपलीत टाकली. आता डब्याचं काय होणार म्हणून माझ्या पोटात गोळा. वन्संनी पिशवी स्वतःच पुढं केली.

"काय आहे मावशी डब्यात?"

"धोंडे."

"पुरणाचे?" तिनं झाकण उघडलं. तुपाचा वास बाहेर आला. क्षणभर ती तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे उद्या आहे म्हणे, आई म्हणत होती. पण माझी सुट्टी नाही."

वन्संनी दोन धोंडे काढले, पिशवीतल्या कागदावर ठेवून तिच्या हातात दिले. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि हळूच म्हणाली, "इंटरव्हललाच खा हं. आणि खुर्चीवर तूप सांडू नका."

सिनेमाची गोष्ट सांगत बसत नाही, बघितली नसेल त्यांनी बघावी. मला काय वाटलं ते सांगते. सहाजणींच्या भांडणात मला माझ्या चार मावश्या दिसल्या. काही ठिकाणी उगाच रडवलंय, तरीही रडले. थिएटरात नव्वद टक्के बायका, पडद्यावर एक वाक्य झालं की इकडे दहा. धाकटी तर समोरच्या रांगेतल्या अनोळखी बाईशी बोलत होती.

वन्संचं लक्ष मात्र वेगळीकडे. मंगळागौरीचे खेळ सुरू झाले की त्या पुढं सरकून बसायच्या. "पाय जुळले नाहीत हिचे." "हे बरोबर." "सुपाचं असं नसतं गं, मनगटातून फिरतं ते." त्या माहेरी असताना आसपासच्या आळ्यांतून त्यांना मंगळागौरीला बोलावणं यायचं, गाठोडं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मला सासूबाईंकडून माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की मंगळागौर लग्नानंतर पाच वर्षं पुजतात, पाचव्या वर्षी उद्यापन करतात. वन्संचं लग्न १९८० चं. १९८३ च्या उन्हाळ्यात यजमान गेले, मांडीवर वर्षाचं पोर. त्यांच्या तीन झाल्या होत्या. उरलेल्या दोन राहिल्या त्या राहिल्या. हे मला त्या अंधारात एकदम आठवलं आणि आपण यांना कुठं आणून बसवलंय, असं झालं. मी हळूच त्यांच्याकडे बघितलं. त्या हसत होत्या. पडद्यावर कुणीतरी खेळताना पडलं होतं.

इंटरव्हलला डबा उघडला. सकाळी साडेसहापासून वन्संच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि आदल्या दिवशी एकादशी. त्या खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या आणि सावकाश, एकामागून एक, चार धोंडे खाल्ले. कुणी वाढायला नाही, कुणी मध्ये "वन्सं, जरा" म्हणायला नाही. दिवे लागलेले, भोवती पॉपकॉर्नच्या बादल्या, आमच्या तिकिटापेक्षा महाग. आमची पोटं भरलेली होती तरी एकेक आम्हीही खाल्ला. शेजारी कॉलेजच्या दोन मुली होत्या, त्या डब्याकडे बघताहेत हे वन्संच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनाही एकेक. "हे काय असतं, आजी?" एकीनं विचारलं. वन्सं म्हणाल्या, "जावयाचं असतं. पण तुम्ही खा."

सिनेमा संपला तरी कुणी उठेना. शेवटच्या गाण्यावर पुढच्या रांगेतल्या बायका पडद्यासमोर गेल्या, गॉगल बाहेर आले, झिम्मा सुरू झाला. धाकटी केव्हाच पोहोचली होती. तिनं तिथून हात केला, "वन्सं, या ना!" मला वाटलं, आता जातील. सिनेमात असतं तर गेल्याच असत्या. वन्सं म्हणाल्या, "गुडघे नाहीत गं माझे," आणि बसूनच राहिल्या. त्या दोन मुली मात्र आमच्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगडी घालायला लागल्या. बोटांत बोटं अडकवून. दोन गिरक्यांत हात सुटला, एक जण खुर्चीवर आदळली.

तेव्हा वन्सं उठल्या. डबा माझ्या हातात दिला. "बोटं नाही धरायची. मनगट धर. तू हिचं, हिनं तुझं. असा फुलीचा हात. पाय जवळ, टाचेला टाच. आता अंग मागं टाक. टाक गं, घाबरू नको, ती धरतेय तुला." मुली फिरायला लागल्या. वेग आला. वन्सं बाजूला उभ्या राहून टाळीनं ताल देत होत्या, आणि त्यांचे दोन्ही खांदे, त्यांना कळत नव्हतं बहुधा, त्या गिरक्यांबरोबर हलत होते. सफाईवाला झाडू घेऊन दाराशी येऊन थांबला होता. त्यानंही घाई केली नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी वन्सं, मध्ये मी. बाहेर पावसाची भुरभुर. मी विषय काढायचं ठरवलं होतं. डोहाळजेवणाचं. शब्द जुळवत होते. "वन्सं, त्या वेळी माझ्या हातून..." इतकं म्हटलं आणि त्या म्हणाल्या, "लेकीचं ना? आमटी खारट झाली होती त्या दिवशी. तुमच्यातल्या कुणाला कळलं नाही." आणि हसल्या. मग थोड्या वेळानं, खिडकीतून बाहेर बघत, "मला कळलं होतं सगळं. पण बोलून काय करायचं, पोळ्या राहिल्या होत्या." मला पुढं काही बोलता आलं नाही. खऱ्या मंगळागौरी त्या वर्षी अधिकामुळे महिनाभर पुढं गेल्या होत्या, निज श्रावण १७ ऑगस्टला लागणार होता. धाकटीच्या सुनेची ती दुसरी मंगळागौर. खेळ शिकवायला आणि पहिल्या पंगतीला वन्संना बसवायचं, स्वयंपाकाला बाहेरची बाई सांगायची, हे आम्ही दोघींनी त्या एसटीतच ठरवलं. त्यांच्या डोक्यावरून, खुणांनी.

गाव दोन थांब्यांवर आलं तेव्हा माझा मोबाइल वाजला. जाऊबाई. "वन्संना दे." मी दिला. आवाज मोठा, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पाहुणे आता निघताहेत, वाणाचे धोंडे बांधून द्यायचेत आणि पाटीत मोजले तर पुरेनात.

"तेहतीस वाणाचे वेगळे ठेवलेत," वन्सं म्हणाल्या. "फडताळात, मधल्या फळीवर, ओल्या फडक्याखाली. पाटीतले अकरा मी नेले."

"अहो, मग सांगायचं नाही का!"

"सांगितलं असतं तर तू बसवून वाढलं असतंस. आमची एसटी चुकली असती."

पलीकडे जरा वेळ काही बोलणं नाही. मग जाऊबाईंचा आवाज खाली आला. "जेवलात का मग?"

"हो. पोटभर," वन्सं म्हणाल्या, आणि मोबाइल मला परत देत डब्याचं झाकण उघडून बघितलं. एक धोंडा उरला होता. "हा तुझ्या नवऱ्याला. आणि त्याला म्हणावं, उद्या सिलिंडर येईपर्यंत चहासुद्धा मिळणार नाही. नंबर लावलाय ना, तेवढं विचार आधी."

नंबर लावलेला नव्हता.